नर्सच्या खोलीतली छोटी कामं गेली कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लग्न होऊन मी इंग्लंडला आले ती इथल्या मिडलंड्स भागातच राहिले आणि नोकरीची बहुतेक वर्षं एका जीपीच्या दवाखान्यात रिसेप्शनवर काढली. जीपी म्हणजे आपले फॅमिली डॉक्टर, फक्त त्यांचे पैसे रुग्णाऐवजी सरकार देतं. आता निवृत्त आहे, त्यामुळे सकाळी तुमची ई-आवृत्ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून होते. आरोग्यसेवेवरच्या लेखांत आणि वाचकांच्या पत्रांत ‘ब्रिटनकडे बघा’ हे वाक्य अधूनमधून येतंच. जरूर बघा. आमच्या ह्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया इथे झाली, तिचं बिल कसं दिसतं हेही आम्हाला माहीत नाही. मात्र ह्याच माणसाच्या कानातला मळ काढून द्यायला आज आमच्या भागातल्या सरकारी यंत्रणेत कुणी नाही. ब्रिटनचा दाखला देणाऱ्यांनी ही दुसरी बाजूही ऐकावी, म्हणून लिहिते आहे.

कानाचं वाचून काही जण हसतील. हसू द्या. ह्यांची सगळी उमेद होजिअरीच्या कारखान्यात गेली. यंत्रांच्या खडखडाटात कान गेले ते गेलेच, दोन्हीकडे श्रवणयंत्रं आहेत. श्रवणयंत्र घालणाऱ्याच्या कानातला मळ आपसूक बाहेर पडत नाही, आत दाबला जातो. गेल्या हिवाळ्यात यंत्रं शिट्ट्या मारायला लागली आणि ह्यांना काही ऐकू येईना. रुग्णालयाच्या श्रवण विभागात गेलो. तिथल्या मुलीने आत बघितलं आणि म्हणाली, “दोन्ही कान पूर्ण भरलेत, असं असताना तपासणी होणार नाही. जीपीकडून मळ काढून घ्या, मग या.” जीपीकडे गेलो. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, “ही सेवा आम्ही देत नाही. फार्मसीत विचारा.” कधीपासून बंद झाली म्हणून विचारलं, तर म्हणाली, “मी लागले तेव्हाही नव्हती.” फार्मसीत ऑलिव्ह तेलाचे थेंब मिळाले. ते घातल्यावर मळ मऊ झाला, फुगला, आणि थोडंफार ऐकू येत होतं तेही बंद झालं.

अखेर चष्म्याच्या दुकानात काम झालं. इथे चष्म्याची मोठी दुकानं कानही बघतात. या कामाला साधारण पन्नास ते शंभर पौंड घेतात. आम्ही दिले. पण आमच्या गल्लीत सरकारी पेन्शनवर एकट्या राहणाऱ्या बायका आहेत. त्या देणार नाहीत, दाराची घंटा ऐकू येत नाही म्हणून सांगत बसतील आणि शेजारीपाजारी म्हणतील की म्हातारी आताशा भ्रमिष्टासारखी वागते.

या साऱ्या फेऱ्यांत आमच्याशी कुणी वाईट वागलं नाही. चीड त्याचीच येते. श्रवण विभागातली मुलगी तिच्या जागी बरोबर, रिसेप्शनवरची तिच्या जागी बरोबर, फार्मासिस्ट तर फारच सज्जन. भांडायचं कुणाशी? मी स्वतः इतकी वर्षं त्या काचेच्या आड बसले, पण ‘हे आमच्याकडे होत नाही’ असं म्हटल्यावर ‘मग कुठे होतं’ हे सांगितल्याशिवाय माणसाला परत पाठवल्याचं मला आठवत नाही. आज रिसेप्शनवाल्यांना ते सांगताच येत नाही, कारण त्यांनाही ते कुणी सांगितलेलं नसतं.

मी नोकरीला लागले तेव्हा तो एकट्या डॉक्टरचा दवाखाना होता. डॉक्टर मराठी, मुंबईच्या ग्रँट मेडिकलमधून शिकून साठच्या दशकात आलेले. त्या काळी गिरण्यांच्या आणि खाणींच्या ज्या वस्त्यांत इथले डॉक्टर बसायला नाखूश असत, तिथे भारत-पाकिस्तानातून आलेल्या डॉक्टरांनी मोठ्या संख्येने दवाखाने सांभाळले. हा इतिहास इथल्या आपल्या पुढच्या पिढीलाही ठाऊक नाही, पण तो वेगळ्या पत्राचा विषय. आमच्याकडे भेटीची वही पेन्सिलने भरायची आणि रुग्णांचे कागद तपकिरी पाकिटांत असायचे. ती ‘लॉइड जॉर्ज’ पाकिटं, म्हणजे १९११च्या विमा कायद्याच्या काळापासून चालत आलेली. डॉक्टरांच्या खोलीशेजारी नर्सची खोली. नर्स आयरिश होती, तोंडाने फटकळ आणि हाताने अतिशय हलकी. तिच्या दाराबाहेर चार खुर्च्या होत्या आणि माझ्या मते दवाखाना खऱ्या अर्थाने तिथेच चालायचा. टाके काढणं, पायाच्या जुन्या जखमेची पट्टी बदलणं, रक्त घेणं, रक्तदाब बघणं, कान धुणं, बाळाच्या नाळेकडे एक नजर टाकणं. दुपारी प्रयोगशाळेची गाडी रक्ताच्या नळ्या घेऊन जायची, त्याआधी सगळं उरकायचं. डॉक्टरांनी सांगितलं नसलं तरी नर्स पायाला पट्टी बांधता बांधता सुजेवर बोट दाबून बघायची आणि आत जाऊन डॉक्टरांना सांगायची. हृदय थकल्याचं असं लक्षात आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. पायाच्या पट्टीसाठी आलेला माणूस हृदयाचं औषध घेऊन घरी जायचा.

ही खोली कुणी बंद केली? कुणीच केली नाही. मंत्र्याने घोषणा केली नाही, पार्लमेंटमध्ये ठराव झाला नाही, वर्तमानपत्रात बातमी आली नाही. एकेक काम तिथून गळत गेलं. गळती कशी झाली ते जवळून बघितलं म्हणून सांगू शकते.

इथले जीपी सरकारचे नोकर नसतात. १९४८च्या जुलैमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हापासूनच बहुतेक दवाखाने जीपीच कंत्राटदार म्हणून चालवतात. २००४ साली त्यांचा नवा करार झाला. त्यात कामांचे थर पाडले : अत्यावश्यक सेवा सगळ्यांनी द्यायच्या, काही जादा सेवा, आणि त्यावर ‘वर्धित’ सेवा, ज्यांचे पैसे वेगळे. अत्यावश्यक सेवेची व्याख्या ऐकायला फार सुंदर आहे. जो आजारी आहे, किंवा आपण आजारी आहोत असं ज्याला वाटतं, त्याला बघायचं. त्यासाठी दवाखान्याला नोंदलेल्या माणसामागे ठरावीक रक्कम मिळते. वय, आजारपण वगैरे हिशेबात धरून ती हल्ली वर्षाला माणशी शंभर-सव्वाशे पौंडांच्या घरात जाते. माणूस वर्षातून एकदा येवो की वीस वेळा, रक्कम तीच. आता कान धुणं, शस्त्रक्रियेनंतरचे टाके, रुग्णालयाने सांगितलेली रक्ततपासणी ही कामं अत्यावश्यक की वर्धित? करारात त्यांचं नाव घेऊन काही लिहिलेलं नाही. जोवर डॉक्टरांचं भागत होतं तोवर ती होत राहिली. भागेनासं झालं तेव्हा कुणीतरी करार उघडून वाचला.

वर्धित सेवांचे पैसे द्यायचे स्थानिक आरोग्य मंडळाने. ही मंडळंही एका नावाने फार वर्षं टिकत नाहीत. २०१३मध्ये जुनी गेली आणि नवी दोनशेच्या वर आली, २०२२च्या जुलैमध्ये तीही गेली आणि सगळ्या इंग्लंडला मिळून ४२ झाली. २०२५च्या मार्चमध्ये सरकारने सांगितलं की यांचा कारभाराचा खर्च निम्म्यावर आणायचा आणि वरची मध्यवर्ती आरोग्यसंस्थाही सरकारच्या आरोग्य खात्यात विलीन करायची. दर फेरबदलात कुठल्या छोट्या कामाला पैसे द्यायचे याच्या याद्या नव्याने होतात. कान एका मंडळाच्या यादीत असतो, शेजारच्या मंडळाच्या यादीत नसतो. माझी एक मैत्रीण शेजारच्या परगण्यात राहते, तिचे कान फुकट साफ होतात. आमच्या दोघींच्या घरांमध्ये बसने पाऊण तासाचं अंतर आहे.

त्यात २०१८ सालची गंमत सांगण्यासारखी आहे. त्या वर्षी मार्चमध्ये मध्यवर्ती आरोग्यसंस्थेने ३५ किरकोळ तक्रारींची यादी काढली आणि यांवरची औषधं डॉक्टरांनी सहसा लिहून देऊ नयेत, लोकांनी दुकानातून घ्यावीत, असं सांगितलं. कानातला मळ त्या यादीत आहे. जूनमध्ये उपचारांची मानकं ठरवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने मार्गदर्शक सूचना काढल्या : मळामुळे ऐकू येत नसेल तर तो काढून देण्याची सोय दवाखान्यात किंवा परिसरातल्या सेवेत असावी, आणि हाताने मारायची जुनी पिचकारी वापरू नये. पिचकारी गेली ते योग्यच झालं, तिने पडद्याला इजा व्हायची भीती असे. पण पाण्याचा दाब नीट ठेवणारं विजेवरचं यंत्र घ्यायचं कुणी, नर्सला शिकवायचं कुणी, तिचा तास भरून द्यायचा कुणी? सूचना काढणाऱ्यांच्या हातात तिजोरी नसते. पुष्कळ ठिकाणी पिचकारी कपाटात गेली आणि तिच्या जागी काहीच आलं नाही.

याच काळात दवाखानेही कमी झाले. इंग्लंडमध्ये २०१५ साली साडेसात हजारांवर होते, आता सव्वासहा हजारांच्या आसपास आहेत. काही बंद पडले, काही एकमेकांत मिसळले. नोंदलेले रुग्ण मात्र ६ कोटी ३० लाखांच्या वर गेले आहेत. आमच्या डॉक्टरांचा दवाखाना त्यांच्या निवृत्तीनंतर मोठ्या दवाखान्यात गेला. तिथे मीही काही वर्षं होते. इमारत झकास, दार आपोआप उघडणारं, आत शिरताच आपली जन्मतारीख दाबायचा पडदा. नर्स आहेत, पण त्यांच्या वेळा मधुमेह, दमा आणि लसीकरणाच्या तक्त्यांनी भरलेल्या, कारण त्यांची नोंद केल्यावर दवाखान्याला पैसे मिळतात. टाक्यांसाठी आलेल्या माणसाला त्या तक्त्यात रकाना नाही.

टाक्यांवरून आमच्या शेजारच्या बा आठवल्या. बा गुजराती, १९७२ साली इदी अमीनने युगांडातून हाकललं तेव्हा नेसत्या वस्त्रानिशी आलेल्या. त्यांच्या पाठीवरची गाठ रुग्णालयाने काढली आणि हातात कागद दिला : दहा दिवसांनी जीपीच्या नर्सकडून टाके काढून घ्या. जीपी म्हणाले, हे काम रुग्णालयाचं, आम्हाला त्याचे पैसे मिळत नाहीत. रुग्णालय म्हणालं, आमच्याकडे तुमची पुढची भेट नोंदलेली नाही. पाठीवरचे टाके, म्हणजे स्वतःला दिसतही नाहीत. बांची नात शेवटी त्यांना तातडीच्या उपचार केंद्रात घेऊन गेली आणि लचकलेले पाय व कापलेली बोटं यांच्या रांगेत दुपारभर बसून ते काम झालं. हे ज्याने कागदावर वाचवलेले पैसे मानले असतील त्याने त्या केंद्रातल्या डॉक्टरचा वेळही कधीतरी मोजावा.

रक्ताचंही तसंच. आमच्याकडे ते आता मध्यवर्ती केंद्रात द्यावं लागतं. वेळ संगणकावरून घ्यायची, दोन बस बदलून जायचं, आणि उपाशीपोटी द्यायचं असेल तर तेही सांभाळायचं. धडधाकट माणसाला त्याचं काही वाटणार नाही.

‘आधी फार्मसीत जा’ हे मात्र मी नावं ठेवून उडवून लावणार नाही. ३१ जानेवारी २०२४ला इंग्लंडमध्ये ती योजना सुरू झाली. सात तक्रारींवर फार्मासिस्टच तपासून औषध देऊ शकतो : घसा, सायनस, नागीण, चिघळलेला कीटकदंश, मुलांच्या त्वचेवर येतात तसले पिकणारे फोड, बायकांचा लघवीचा जंतुसंसर्ग आणि कानदुखी. माझ्या सुनेला तिचा चांगला उपयोग झाला. फक्त कानदुखीच्या अटीत वय आहे एक ते सतरा, आणि लघवीच्या तक्रारीत सोळा ते चौसष्ट. म्हातारपणीही या दोन गोष्टी छळतात, आणि नेमकं त्याच वयाला ते दार बंद. त्यामागे वैद्यकीय कारण असेलही. म्हाताऱ्यांचा जंतुसंसर्ग गुंतागुंतीचा होऊ शकतो, त्यांना डॉक्टरने बघणं बरं, हे मला समजतं. मग डॉक्टरपर्यंत पोचायची वाट तरी रुंद ठेवा.

ती वाट म्हणजे सकाळी आठचा फोन. त्याबद्दल इथली सगळी वर्तमानपत्रं लिहितात, मी फार लिहीत नाही. फोनच्या दुसऱ्या टोकाला मी बसलेली आहे. आठ वाजून पाच मिनिटांनी दिवसाच्या भेटी संपायच्या आणि पुढचे लोक आपल्याला काय काय म्हणणार ते ऐकत बसायचं. २०२५च्या ऑक्टोबरपासून दवाखान्यांनी सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहा ऑनलाइन अर्ज चालू ठेवायचे असा नियम झाला. ज्यांना तो भरता येतो त्यांची सोय झाली. ह्यांना येत नाही, मी भरते. ज्यांच्या घरी भरणारं कुणी नाही त्यांचं काय होतं, ते त्या अर्जात दिसणार नाही.

डॉक्टरांना शिव्या घालायला हे पत्र नाही, हेही लिहिते. १ ऑगस्ट २०२४पासून इथल्या डॉक्टरांच्या संघटनेने सांगितलं की ज्याचे पैसे ठरलेले नाहीत ते काम दवाखान्यांनी सोडून द्यावं, आणि एका डॉक्टरने दिवसाला पंचवीसच रुग्ण बघावेत. काही दवाखान्यांनी ते मानलं. त्यांच्या जागी मी असते तर मीही वैतागले असते. दुसऱ्या बाजूला २०१९पासून दवाखान्यांना फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट, पॅरामेडिक ठेवायला सरकार वेगळे पैसे देत होतं, पण त्याच पैशातून जीपी ठेवायची मुभा नव्हती. म्हणजे रुग्णांना डॉक्टर मिळेना आणि नवे शिकून बाहेर पडलेले जीपी नोकरी शोधताहेत, असं विचित्र चित्र झालं. २०२४च्या ऑक्टोबरपासून ती अट सैल केली.

तुमच्या वाचकांपैकी पुष्कळांची मुलं इकडे नोकरीला आहेत. व्हिसाबरोबर प्रौढ माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार त्यांनी भरलेला असतो, शिवाय पगारातून कर जातो तो वेगळा. त्या मुलांना मी भेटते. ती तरुण आहेत, दवाखान्याची गरज त्यांना फारशी पडत नाही, आणि पडली तर कंपनीचा खासगी विमा असतो. त्यांच्याकडून तुम्ही ऐकता ते इथलं चित्र अर्धंच. आईवडील भेटीला येतात तेव्हा ऐकण्यासारखं असतं. जीपीने बघण्याचे पैसे इथे पाहुण्यालाही पडत नाहीत, तात्पुरतं नाव नोंदवता येतं, हे चांगलंच. पण पुण्याहून येताना घातलेले टाके इथे काढायला गेलेल्या एका काकांना त्यांच्या मुलाने शेवटी घरीच, व्हिडिओवर पुण्याच्या डॉक्टरांना दाखवत दाखवत मोकळं केलं. काका मजेत सांगत होते. मला मजा वाटली नाही.

माझं म्हणणं मोठं नाही. नर्सच्या खोलीतली दहाबारा कामं नावानिशी करारात लिहा आणि प्रत्येकापुढे पैसे लिहा. दवाखान्यात होत असेल तर तिथे, नसेल तर चालत किंवा एका बसने जाता येईल अशा ठिकाणी, पण ते ठिकाण कुठलं हे दवाखान्याच्या दारावर लावा. वेल्समध्ये दवाखान्यांच्या पातळीवरच ऑडिओलॉजिस्ट बसवून कानाचं काम त्यांच्याकडे दिलं आहे, म्हणजे हे अशक्य नाही. आणि महाराष्ट्रात जे लोक नवे सरकारी दवाखाने काढायच्या योजना आखतात त्यांना एक सुचवते. इमारत, डॉक्टरांची पदं, औषधांची यादी हे सगळं तुम्ही लिहिताच. त्याच कागदावर टाके कोण काढणार, पट्टी कोण बदलणार आणि त्याचा पगार कुठल्या खात्यातून, हेही लिहून टाका. सगळ्यांना ते इतकं गृहीत वाटतं की लिहायचं राहून जातं. आमच्याकडेही तसंच राहून गेलं.

इथल्या मराठी वाचकांसाठी शेवटी थोडं कामाचं. २०१५च्या एप्रिलपासून इंग्लंडमधल्या प्रत्येक जीपी दवाखान्याला रुग्णांची समिती ठेवावी लागते. बहुतेक ठिकाणी तिच्यात चारपाच निवृत्त गोरे लोक असतात आणि पार्किंगवर बोलतात. मी आमच्या समितीत गेले आहे. पुढच्या बैठकीत, कुठली छोटी कामं बंद झाली, कधी झाली आणि रुग्णांना कुठे पाठवायचं, याची लेखी यादी दवाखान्याकडे मागणार आहे. तुम्हीही आपापल्या समितीत नाव द्या आणि हीच यादी मागा. ज्यांच्या दवाखान्यात कान, टाके, रक्त अजून नर्सच्याच खोलीत होतं त्यांनी याच सदरात लिहून कळवावं, म्हणजे ‘हे कुठेच होत नाही’ असं आम्हाला सांगितलं गेलं तर पुढे ठेवायला काहीतरी असेल.

आपली,
एक निवृत्त रिसेप्शनिस्ट
मिडलंड्स, इंग्लंड
(नाव-पत्ता संपादकांकडे)